एका मतानं वाचलेलं मत

लुइझा स्वेन सकाळी घरून निघाल्या त्या बेकरीतून यीस्ट आणायला. हातात झाकणाची छोटी बादली, अंगावर धुतलेला एप्रन. वय सत्तरीला टेकलेलं. तारीख ६ सप्टेंबर १८७०, गाव लॅरमी, प्रदेश वायोमिंग. वाटेत मतदान केंद्र लागलं. ते उघडायची वेळ अजून झाली नव्हती, पण आतल्या माणसांनी म्हातारीला परत पाठवलं नाही. बाईंनी मतपत्रिका पेटीत टाकली आणि बादली उचलून त्या बेकरीच्या वाटेला लागल्या.

सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीनं मत देणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून लुइझाबाईंचं नाव घेतलं जातं. त्यांनी ना मोर्चा काढला, ना भाषण ठोकलं. पुढं लवकरच नवऱ्याबरोबर त्या पूर्वेला मेरीलंडकडे निघून गेल्या आणि तिकडेच वारल्या. त्यांना हा मान देणारा मुलुखही तितकाच विलक्षण होता.

अमेरिकेच्या नकाशावर वायोमिंग चटकन सापडतं, कारण ते पट्टीनं आखल्यासारखं चौकोनी आहे. सीमेला नदी नाही, डोंगराची रांग नाही, नुसत्या सरळ रेघा. क्षेत्रफळ २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचातले चार भाग. आणि माणसं? २०२० च्या शिरगणतीत ५,७६,८५१. आपल्या २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहरात साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती. तेवढ्या कोल्हापूरकरांना उचलून जवळपास अख्ख्या महाराष्ट्रावर पसरा, म्हणजे वायोमिंग कसं दिसतं याचा अंदाज येईल. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत याच्याइतकी कमी वस्ती कुठंच नाही. अख्ख्या राज्यात सरकते जिने दोनच ठिकाणी आहेत आणि ती दोन्ही कॅस्पर गावातल्या बँकांत, ही गंमत तिथले लोक पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पण सिनेटमध्ये पावणेचार कोटींवर वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियाचे जेवढे सदस्य, तेवढेच वायोमिंगचे. दोन.

इथं माणसं फिरकलीच नाहीत असं नाही. उलट एकोणिसाव्या शतकात इथून माणसांचा लोंढाच गेला. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांना रॉकी पर्वत ओलांडायला सोपी वाट एकच होती. तिचं नाव साउथ पास. खिंड म्हणावी तर खिंडही नव्हे. सात हजार फुटांवरचं रुंद, गवताळ पठार, चढ संपून उतार कधी लागला ते कळतही नाही. काही लाख माणसं या वाटेनं पश्चिमेला गेली, वाटेतल्या खडकावर आपापली नावं कोरून गेली, आणि बहुतेक कुणीही तिथं राहिलं नाही. पाऊस कमी, थंडी कडाक्याची, उंची जास्त आणि वारा असा की माणूस बोलता बोलता थांबतो. वायोमिंग ही वाटेवरची जागा होती, मुक्कामाची नव्हे. स्त्रियांच्या मताची गोष्ट या रिकामपणातूनच सुरू होते.

१८६७ साली युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ या माळावर पोचले. रुळांबरोबर तंबूंची गावं आली. मजूर, जुगारी, दारूवाले, व्यापारी, सगळा बाजार रूळ सरकतील तसा पुढे सरकायचा. शायन गाव त्या जुलैत वसलं आणि नोव्हेंबरात तिथं पहिली गाडी आली. पुढच्या वर्षी, २५ जुलै १८६८ ला, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या सहीनं वायोमिंग टेरिटरी जन्माला आली. टेरिटरी म्हणजे पुरतं राज्य नव्हे. गव्हर्नर वॉशिंग्टनहून यायचा, विधिमंडळ तेवढं स्थानिक लोक निवडायचे. नाव उसनं आणलेलं होतं, पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्याचं. मूळ शब्द लेनापी लोकांचा, आणि त्या लोकांचा या पश्चिमेकडच्या माळाशी काडीचाही संबंध नव्हता.

१८६९ च्या मे महिन्यात दोन्ही बाजूंचे रूळ यूटात एकमेकांना भिडले. काम संपलं आणि मजूर पांगले. १८७० च्या शिरगणतीत अख्ख्या टेरिटरीत ९,११८ डोकी भरली. मोठ्या माणसांत साधारण सहा पुरुषांमागे एक स्त्री.

या मूठभर लोकांचं पहिलं विधिमंडळ १२ ऑक्टोबर १८६९ ला शायनमध्ये भरलं. निवडून आलेले सगळेच्या सगळे डेमोक्रॅट. गव्हर्नर जॉन कॅम्पबेल आणि सचिव एडवर्ड ली मात्र रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नेमलेले. वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता विल्यम ब्राइट. साउथ पासजवळ सोन्याच्या खाणीमुळं उगवलेल्या साउथ पास सिटी या गावात तो सलून चालवायचा. सलून म्हटलं की आपल्याला न्हावी आठवतो. तिकडं ते दारूच्या गुत्त्याचं नाव. अधिवेशन संपायला दोनेक आठवडे उरले असताना या गुत्तेवाल्यानं विधेयक मांडलं. प्रत्येक सज्ञान स्त्रीला मत देण्याचा आणि सरकारी पद धारण करण्याचा हक्क.

ब्राइटनं हे का केलं? वायोमिंगचा इतिहास लिहिणाऱ्यांना या प्रश्नानं दीडशे वर्षं दमवलं आहे, आणि मला वाटतं खरं उत्तर गोळाबेरजेचं आहे. ब्राइटची बायको ज्युलिया त्याच्याहून बरीच लहान, मताधिकाराच्या बाजूची, आणि तिच्या मताला घरात किंमत होती. हे एक. दुसरं कारण कमी शोभिवंत आहे. यादवी युद्धानंतर टेरिटरींमध्ये काळ्या पुरुषांना मत मिळालं होतं आणि देशभर ते देणारी पंधरावी घटनादुरुस्ती मंजुरीच्या वाटेवर होती. व्हर्जिनियात जन्मलेल्या ब्राइटला ते रुचत नव्हतं. त्यांना मत देता, तर माझ्या आईला आणि बायकोला का नाही, असा त्याचा हिशोब. त्याच्याच गावात त्या वर्षीच्या निवडणुकीत काळ्या मतदारांना केंद्रापर्यंत नेण्यासाठी अमेरिकेच्या मार्शलला सोबत चालावं लागलं होतं. तिसरं कारण व्यापारी. बायका कमी, वस्ती कमी, आणि बातमी झाली तर पूर्वेकडचे लोक या नावाकडं वळून तरी बघतील. चौथं राजकारणाचं. रिपब्लिकन पुरोगामीपणाच्या गप्पा मारतात. त्यांच्या गव्हर्नरपुढं हे ठेवू, तो नाकारील, आणि त्याची फजिती होईल. पाचवं म्हणजे काहींनी निव्वळ मौज म्हणून हात वर केला.

वरिष्ठ सभागृहात सहा विरुद्ध दोन. खालच्या सभागृहात मात्र ब्राइटच्याच गावचा वकील बेन शीक्स आडवा पडला. त्यानं दुरुस्त्यांचा मारा लावला. एका दुरुस्तीत त्यानं ‘स्त्रिया’ या शब्दाऐवजी काळ्या आणि आदिवासी स्त्रियांचा उल्लेख सुचवला, तोही आदिवासींसाठी वापरल्या जाणाऱ्या हिणकस शब्दासकट, म्हणजे वाचूनच लोकांनी विधेयक फेकून द्यावं. दुसऱ्या एका सूचनेत त्यानं विषय पुढच्या ४ जुलैपर्यंत लांबवायला सांगितला, आणि त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी. शीक्सची एकच दुरुस्ती टिकली. मूळ मसुद्यात मतदानाचं वय १८ होतं, ते २१ झालं. विधेयक सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झालं.

आता चेंडू कॅम्पबेलकडं. डेमोक्रॅटांची अटकळ होती की हा माणूस कचरेल. कॅम्पबेलचं बालपण ओहायोतल्या सेलम गावात गेलं होतं आणि १८५० साली तिथं स्त्री-हक्कांची परिषद भरली होती. त्या परिषदेत पुरुषांना बोलायची मनाई होती आणि पोरगेला कॅम्पबेल मागच्या बाकावर बसून ऐकत होता, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, १० डिसेंबर १८६९ ला त्यानं सही केली.

याच विधिमंडळानं शिक्षिकांना शिक्षकांइतकाच पगार देण्याचा कायदा केला, लग्न झालेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा हक्क मान्य केला, आणि त्याच दमात गोऱ्या-काळ्यांच्या लग्नांवर बंदीही घातली. ती बंदी १८८२ पर्यंत होती. बावीस-तेवीस माणसांच्या सभागृहांतून एकाच हिवाळ्यात हे सगळं निघालं. आजच्या चष्म्यातून त्यांना थोर ठरवावं की कोते, हे ठरवायला मी तरी धजावणार नाही. माणसं तीच होती, एवढंच.

हक्क कागदावर आला. तो कुणी वापरतं का, हा पुढचा प्रश्न. तो धसाला लावला सचिव ली यांनी. ली कनेटिकटचे, स्त्री-मताधिकाराचे खंदे समर्थक. कॅम्पबेल बाहेरगावी असताना कारभार लींकडं असायचा. १८७० च्या फेब्रुवारीत त्यांनी साउथ पास सिटीच्या एस्थर मॉरिस यांना जस्टिस ऑफ द पीस नेमलं. गावातल्या मारामाऱ्या, देणी-घेणी आणि किरकोळ गुन्हे निकालात काढणारं हे न्यायाधीशाचं खालच्या पायरीवरचं पद, पण न्यायासनच. जगात या पदावर बसलेली ही पहिली स्त्री, असं वायोमिंगमध्ये मानतात.

एस्थरबाई साठीकडे झुकलेल्या, उंचीला सहा फुटांच्या जवळपास, न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या. लहानपणी पोरक्या झाल्या, पुढं बायकांच्या टोप्या शिवून पोट भरलं. पहिला नवरा वारला तेव्हा त्याची जमीन हाती यायला बाईमाणूस म्हणून त्यांना किती खेटे घालावे लागले, हे त्या विसरल्या नव्हत्या. दुसरा नवरा जॉन मॉरिस सोन्याच्या नादानं साउथ पासला आला आणि १८६९ मध्ये त्याही मुलांसह तिथं पोचल्या. जवळपास आठ हजार फुटांवरचं ते गाव म्हणजे लाकडी फळ्यांच्या घरांची एक रांग. समोर खाणी, मध्ये गुत्ते.

त्यांच्यापुढं आलेला पहिला तंटा मजेशीर होता. आधीच्या जस्टिसनं दप्तर द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात आलं, म्हणजे खुद्द एस्थरबाईंसमोर. त्यात आपलाच संबंध असल्यानं आपण न्याय देऊ शकत नाही, असं म्हणून त्यांनी ते काढून टाकलं आणि नवं कोरं दप्तर घेऊन कामाला सुरुवात केली. साडेआठ महिन्यांत त्यांनी पंचविसाहून जास्त खटले चालवले. त्यांचं कोर्ट म्हणजे पाइनच्या ओंडक्यांचं घर. कायद्याचं शिक्षण शून्य, आणि समोर खिशात पिस्तूल ठेवणारे खाणमजूर. मुदत संपल्यावर पक्षांनी त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. वर्षभरात त्यांनी स्वतःच्या नवऱ्यावर मारहाणीचा आरोप ठेवून वॉरंट काढायला लावलं आणि मग त्या त्याच्यापासून वेगळ्या झाल्या. न्यायाधीश बाईंच्या घरातला न्याय त्यांना असा बाहेर जाऊन मागावा लागला.

त्याच १८७० च्या मार्चमध्ये लॅरमीत न्यायाधीश जॉन हाउ यांनी ज्यूरीवर स्त्रियांना बसवलं. मत देता येतं तर ज्यूरीत बसायलाही अडचण नाही, असा त्यांचा साधा तर्क. बातमी तारेनं देशभर गेली. पूर्वेकडच्या सचित्र वर्तमानपत्रांचे चित्रकार येऊन ठेपले. चित्र काढता येऊ नये म्हणून ज्यूरीतल्या बायका तोंडावर जाळीचे बुरखे ओढून कोर्टात यायच्या. खुनाचा, गुरं चोरल्याचा, रविवारी गुत्ते उघडे ठेवल्याचा, सगळे आरोप त्यांच्यापुढं आले. रात्री ज्यूरी अडकून पडली की बायकांवर पहारा ठेवायला बाईच हवी, म्हणून मार्था बॉइस यांना बेलिफ नेमलं. अशा कामावर नेमली गेलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव राहिलं. हाउ साहेबांना बायकांचं काम पसंत पडलं. रविवारी धंदा करणाऱ्या गुत्तेवाल्यांना ते का आवडलं नसेल, हे सांगायला नको.

इथं एक गोष्ट नोंदवायला हवी. कायदा आधी वायोमिंगनं केला, पण मत आधी पडलं शेजारच्या यूटामध्ये. यूटानं १८७० च्या फेब्रुवारीत आपला कायदा केला आणि लगोलग आलेल्या नगरपालिका निवडणुकीत, १४ फेब्रुवारीला, सॉल्ट लेक सिटीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेनं मत दिलं. लुइझाबाईंच्या जवळपास सात महिने आधी. मग यूटाचं नाव पुढं का नाही? कारण तिथल्या मॉर्मन पंथीयांच्या बहुपत्नीत्वावर चिडलेल्या अमेरिकी काँग्रेसनं १८८७ मध्ये यूटातल्या स्त्रियांचं मत काढूनच घेतलं. दिलेलं मत परत घेता येतं, हे तेव्हा अमेरिकेनं पाहिलं.

वायोमिंगमध्येही तोच प्रयोग त्याआधी होऊन गेला होता. माझ्या लेखी ही या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची घटना, आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी. १८७१ च्या शेवटी दुसरं विधिमंडळ भरलं. मधल्या निवडणुकांत रिपब्लिकन काही जागा जिंकून आले होते आणि बायकांच्या मतांमुळंच हे झालं, असं डेमोक्रॅटांच्या मनानं घेतलं. दोन वर्षांपूर्वी स्वतःच आणलेला कायदा रद्द करण्याचं विधेयक त्यांनी दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं. कॅम्पबेलनी ते नाकारलं आणि नाकारताना लांबलचक खुलासा लिहिला. स्त्रियांनी ज्यूरीवर, पदांवर आणि मतदानात जबाबदारीनं काम केलं आहे, ज्यांच्यावर भरवसा टाकला त्यांचा हक्क विनाकारण काढून घेता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. व्हेटो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. खालच्या सभागृहात ती पडली. वरिष्ठ सभागृहात नऊ सदस्य, म्हणजे सहा हवी होती. पाच पडली.

एक मत. तेवढं एक तिकडं गेलं असतं तर लुइझाबाईंची बादली आज कुणाला आठवली नसती.

स्त्रियांच्या ज्यूरीचं मात्र तेव्हाच संपलं. हाउ यांच्या जागी आलेल्या न्यायाधीशाला ती पद्धत मान्य नव्हती. ज्यूरी म्हणजे निवडणूक नव्हे, असा अर्थ लावून बायकांना वगळलं गेलं. त्या पुन्हा ज्यूरीवर बसल्या १९५० मध्ये, म्हणजे आपली राज्यघटना अमलात आली त्या वर्षी. ‘समतेचं राज्य’ असं बिरुद मिरवणाऱ्या वायोमिंगला एवढी एक पायरी पुन्हा चढायला ऐंशी वर्षं लागली.

जाहिरातीचा डावही फसला. १८७१ च्या उन्हाळ्यात स्त्री-मताधिकार चळवळीच्या पुढारी सुझन अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन रेल्वेनं पश्चिमेला जाताना वायोमिंगमध्ये उतरल्या, त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पण पूर्वेकडच्या बायका काही गाड्या भरभरून आल्या नाहीत. १८८० मध्ये लोकसंख्या होती २०,७८९. कारण तेच जुनं. मत मिळतं म्हणून कुणी वाऱ्यात घर बांधत नाही.

आणि समता कुणाची, हेही विचारायला हवं. विंड रिव्हर भागात शोशोनी लोक होते, पुढं १८७८ मध्ये अरापाहोंनाही तिथंच आणून ठेवलं. त्यांच्या बायकांनाच काय, पुरुषांनाही मत नव्हतं. सगळ्या आदिवासींना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये. चिनी मजूर नागरिक होऊच शकत नव्हते. रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणींत गोऱ्या मजुरांनी २ सप्टेंबर १८८५ ला चिनी वस्तीवर हल्ला केला, घरं पेटवली, २८ चिनी माणसं मारली. अमेरिकी सरकारनं पुढं भरपाई दिली, पण स्थानिक ग्रँड ज्यूरीनं एकावरही खटला उभा राहू दिला नाही. त्या ज्यूरीत स्त्रिया नव्हत्या. असत्या तर वेगळं झालं असतं, असं मात्र मला म्हणवत नाही.

राज्याचा दर्जा मागायची वेळ आली १८८९ मध्ये. सप्टेंबरात शायनमध्ये ४९ पुरुष घटना लिहायला बसले. बाई एकही नाही. स्त्री-मताधिकाराचं कलम वेगळं काढून त्यावर स्वतंत्र कौल घ्यावा, अशी सूचना पुढं आली. कलम आडवलं गेलं तर घटना तरी पास होईल, असा त्यामागचा सावध विचार. सूचना फेटाळली गेली. वीस वर्षं बायका मत देत आल्या होत्या आणि त्यात काही बिघडलं नव्हतं, एवढा साधा पुरावा बहुतेकांना पुरला. नोव्हेंबरात जनतेनं घटना ६,२७२ विरुद्ध १,९२३ मतांनी मान्य केली. त्यात बायकांचीही मतं होती.

त्याच १८८९ च्या शेवटी मुंबईत पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ छापून निघालं. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या शिक्षणाविषयी, त्यांच्या मंडळांविषयी आणि चळवळींविषयी मराठी वाचकाला इतक्या तपशिलानं तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीवर का होईना, स्त्रियांना मत मिळायला १९२१ उजाडलं.

वॉशिंग्टनमध्ये भांडण कडाक्याचं झालं. स्त्रियांना मत असलेलं राज्य संघात घ्यायचं की नाही यावर दक्षिणेकडच्या सदस्यांनी आग पाखडली. इथंच वायोमिंगची सगळ्यात लाडकी कथा येते. बायकांशिवाय येण्यापेक्षा शंभर वर्षं बाहेर राहू, अशी तार म्हणे शायनहून गेली. पाठ्यपुस्तकांत आहे, भाषणांत आहे, टीशर्टवरही असेल. तेवढी तार मात्र कुणाला सापडलेली नाही. प्रतिनिधी सभेत विधेयक १३९ विरुद्ध १२७ मतांनी निसटतं पास झालं. १० जुलै १८९० ला राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी सही केली आणि वायोमिंग ४४ वं राज्य झालं.

शायनमध्ये २३ जुलैला जल्लोष झाला. मुख्य भाषण थेरेसा जेंकिन्स यांचं. ध्वनिक्षेपक नव्हता, त्यामुळं त्यांनी माळावर जाऊन सराव केला होता. नवरा बग्गी घेऊन लांब लांब जायचा आणि आणखी मोठ्यानं, असं ओरडून सांगायचा. नवऱ्यानं बायकोला आवाज चढवायला सांगितल्याचं हे उदाहरण तसं दुर्मीळच. राष्ट्रध्वज गव्हर्नर वॉरन यांच्या हाती दिला एस्थर मॉरिस यांनी. तेव्हा त्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या.

एस्थरबाईंना ‘मताधिकाराची आई’ हे बिरुद त्याच सुमारास चिकटलं. चिकटवलं ते ‘शायन सन’ या वर्तमानपत्राच्या संपादकानं. संपादक होते आर्चिबाल्ड स्लॅक, बाईंचे पहिल्या लग्नाचे चिरंजीव. पुढं १९१९ मध्ये निकरसन नावाच्या साउथ पासच्या जुन्या रहिवाशानं आणखी एक आठवण छापली. पहिल्या निवडणुकीआधी एस्थरबाईंनी घरी चहाला बोलावून ब्राइट आणि निकरसन दोघा उमेदवारांकडून वचन घेतलं, अशी. पन्नास वर्षांनी आठवलेल्या या चहाचा त्या काळचा कसलाही पुरावा नाही, आणि बाईंनी स्वतः कधी तसा दावा केला नव्हता. तरी चहाच्या जोरावर त्यांचा पुतळा १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा राहिला. मला विचाराल तर चहा गाळून टाकला तरी बाई पुतळ्याला पुरून उरतात. नवं कोरं दप्तर उघडून त्यांनी केलेलं साडेआठ महिन्यांचं काम नोंदींत आहे.

मतापाठोपाठ पदं आली, पण सावकाश. १८९४ मध्ये एस्टेल रील राज्याच्या शिक्षणप्रमुख निवडून आल्या. विधिमंडळात पहिली स्त्री, मेरी बेलामी, पोचली १९१० मध्ये, म्हणजे कायद्यानंतर ४१ वर्षांनी. १९२० मध्ये, देशभरच्या स्त्रियांना मत मिळालं त्या वर्षी, डोंगरातल्या जॅक्सन गावानं सगळीच्या सगळी नगरपरिषद बायकांची निवडली. नगराध्यक्ष ग्रेस मिलर. रोझ क्रॅबट्री यांनी ज्याला हरवलं तो त्यांचाच नवरा हेन्री. या बायकांनी थकलेल्या पट्ट्या वसूल केल्या, गावातला कचरा उचलला, रस्ते नीट केले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आल्या.

आणि मग नेली टेलो रॉस. त्यांचे पती विल्यम रॉस गव्हर्नर असताना अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर २ ऑक्टोबर १९२४ ला वारले. पक्षानं महिन्याभरात होणाऱ्या निवडणुकीत विधवेलाच उभं केलं. त्यांनी प्रचार केला नाही, तरी निवडून आल्या. ५ जानेवारी १९२५ ला शपथ घेतली तेव्हा त्या अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री गव्हर्नर ठरल्या, टेक्सासच्या मिरियम फर्ग्युसन यांच्या फक्त १५ दिवस आधी. १९२६ मध्ये त्या सुमारे १,३०० मतांनी हरल्या. पुढं १९३३ पासून वीस वर्षं त्यांनी अमेरिकेची टांकसाळ सांभाळली आणि १९७७ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्यानंतर वायोमिंगला दुसरी स्त्री गव्हर्नर मिळालेली नाही.